लव्हॉन कुबिचेकची हजेरी

ड्राय फोर्क गावात लव्हॉन कुबिचेक दोन गोष्टींसाठी प्रसिद्ध होती. एक तिचे ड्रम. नवऱ्याच्या पोल्का नाचाच्या बँडमध्ये ती उभं आयुष्य ड्रम वाजवत आली होती आणि पूर्व नेब्रास्कातली निम्मी लग्नं तिच्या ठेक्यावर नाचली होती. दुसरं तिचं तोंड. चर्चबाहेर ती कुणाशी बोलत उभी राहिली की मागच्या गाड्यांनी वळसा घालून जायचं, ही गावाची रीतच पडली होती. तिचा नवरा एमिल म्हणायचा, आमच्या घरात दोन ट्रान्समीटर आहेत आणि त्यातला एकच बंद करता येतो.

एमिल हौशी रेडिओवाला, म्हणजे घरच्या रेडिओयंत्रावरून लांबच्या माणसांशी बोलणारा. घरामागे उंच खांब, खांबापासून मक्याच्या कोठारापर्यंत ताणलेली तार, आणि स्वयंपाकघराला लागून एक अंधारी खोली, तिच्यात त्याचा रेडिओ. रोज सकाळी उजाडता उजाडता त्या रेडिओवर ‘कॉफी नेट’ भरे. राज्यभरातले शेतकरी, म्हातारे, एकटेदुकटे लोक आपापल्या घरी कॉफीचा मग घेऊन रेडिओपुढे बसत. ऑर्व्हिल नावाचा एक डुकरं पाळणारा शेतकरी हजेरी घेई. नाव पुकारलं की ज्याने त्याने बोलायचं: पाऊस किती, मका कसा, खुबा दुखतो की थांबला. जगाचं काही अडत नव्हतं त्यावाचून, पण त्या माणसांचं अडत होतं.

रेडिओवर बोलायला सरकारी लायसन्स लागे. लव्हॉननेही ते काढलं होतं, पण सगळ्यात खालचं, टेक्निशियनचं. त्यावर गावातल्या टॉवरमार्फत शेजारच्या दोन-तीन काउंट्यांपर्यंत बोलता येई. लांब पल्ल्याच्या रेडिओलहरींच्या पट्ट्यांवर, जिथे कॉफी नेट भरे तिथे, आवाजात बोलायचं तर वरचं लायसन्स लागे. मात्र नियमातच एक सोय होती. वरच्या लायसन्सचा माणूस शेजारी बसून लक्ष ठेवत असेल तर खालच्याने खुशाल बोलावं, जबाबदारी बसणाऱ्याची. एमिल शेजारी बसे, म्हणजे टोपी डोळ्यांवर ओढून घोरत असे. घोरणाऱ्या माणसाला जबाबदार म्हणता येतं का, हे कधी कुणी विचारलं नाही, कारण नेटवरचे निम्मे लोक लव्हॉनला ऐकायलाच येत होते. कुणाच्या लग्नात केक पडला, कुणाचा बोकड पाद्र्याच्या मोटारीवर चढला, हे तिच्याच तोंडून ऐकावं.

मग सोयाबीनची कापणी अर्ध्यावर असताना एमिल गेला. शेताच्या कडेला ट्रकमध्ये बसल्याबसल्या, सँडविच हातात असताना.

हौशी रेडिओवाल्यांत एक रीत आहे. कुणी गेला की नेटवर त्याचं नाव तीनदा पुकारतात, प्रत्येक वेळी थांबतात, आणि उत्तर येत नाही हे सगळे मिळून ऐकतात. दफनाच्या दुसऱ्या दिवशी ऑर्व्हिलने एमिलला हाक मारली. त्याचा घोगरा आवाज तिसऱ्या हाकेला फाटला. लव्हॉन त्याच अंधाऱ्या खोलीत बसली होती. पुढे माईक, शेजारी रिकामी खुर्ची. बोलायचं नाही हे तिला ठाऊक होतं. पण तिसऱ्या हाकेनंतरची ती शांतता तिला सोसवेना. तिने बटण दाबलं आणि ती म्हणाली, "लव्हॉन बोलतेय. तो नाहीये. त्याची कॉफी मी पितेय. तुम्हा सगळ्यांचे आभार." आणि बटण सोडलं.

आठवड्याच्या आत ड्वाइट ऑस्ट्रँडर दारात उभा राहिला, हातात ओव्हनमध्ये शिजवलेल्या कॅसरोलचं भांडं घेऊन. ड्वाइट रेडिओ क्लबचा अध्यक्ष. वीज सहकारी संस्थेतून निवृत्त झालेला, सगळ्यात वरच्या लायसन्सचा, आणि माणूस वाईट नव्हे. बर्फ पडलं की न सांगता विधवांच्या अंगणातलं उपसून टाकणारा. पण नियमाच्या बाबतीत कणभर इकडचं तिकडे चालायचं नाही.

त्याने भांडं ओट्यावर ठेवलं, टोपी काढली. "लव्हॉन, परवाच्या नेटवर जे झालं त्याबद्दल कुणी काही बोलणार नाही. पण परत नको."

"काय परत नको? नवरा मरायला?"

ड्वाइटने भांडं ओट्यावर उगाच थोडं आत सरकवलं. मग म्हणाला, "पस्तीस प्रश्नांचा तर पेपर आहे वरच्या लायसन्सचा. थोडा अभ्यास कर की."

हे वाक्य तिच्या काळजात रुतलं, कारण त्या पेपरला ती एकदा बसली होती. परीक्षा चर्चच्या तळघरात होते. क्लबचेच तीन परीक्षक समोर बसून तिथल्या तिथे तपासतात आणि पास होणाऱ्यासाठी सगळे टाळ्या वाजवतात. लव्हॉन दोन प्रश्नांनी नापास झाली होती. तीन परीक्षकांतला एक ड्वाइट. रांगायला लागलेलं पोर आपटलं की ज्या आवाजात बोलतात, त्या आवाजात तिघांनी तिला ‘पुढच्या वेळी’ म्हटलं होतं. पुढची वेळ आली तेव्हा एमिलच्या हृदयाचं पहिलं दुखणं निघालं होतं. त्यानंतर ती तळघराची पायरी उतरली नाही.

ड्वाइटने आणखी एक सुचवलं, आणि ते मनापासून होतं. "नाहीतर सकाळी माझ्याकडे ये. माझ्या रेडिओवरून बोल, मी शेजारी बसतो. मार्लिस कॉफी करेल." मार्लिस त्याची बायको.

"ड्वाइट," ती म्हणाली, "एका पुरुषाला शेजारी बसवून बोलले, कारण त्याच्यावर माझा जीव होता. आता या वयात दुसरा शोधायचा नाही. आणि तू घोरतोस कसा हे मला माहीत नाही."

ड्वाइट गेला. कॅसरोल बरं होतं, तिने तीन दिवस पुरवून खाल्लं. पण राग त्याहून जास्त दिवस पुरला. दुसऱ्याच्या ओंजळीने पाणी प्यायची वेळ तिच्यावर आयुष्यात आली नव्हती असं ती समजत होती, आणि जन्मभर आपण तेच करत होतो हे आत्ता कळल्यामुळे तिच्या अंगाचा तिळपापड होत होता.

त्याच हिवाळ्याच्या तोंडावर विषय पेटला. टेक्निशियनांनाही लांब पल्ल्याच्या पट्ट्यांवर आवाजात बोलायला एखादी चिंचोळी जागा द्या, असा अर्ज वॉशिंग्टनला गेला होता, आणि देशभरच्या हौशी रेडिओवाल्यांत त्यावरून रण माजलं होतं. प्रत्येक क्लब आपलं मत कळवत होता. ड्राय फोर्कच्या क्लबची बैठक अग्निशमन दलाच्या शेडमध्ये भरली. बंब बाहेर काढून आत खुर्च्या मांडल्या होत्या. दूरच्या काउंटीतून ऑर्व्हिलही आला होता. लव्हॉन दोन ताटं ‘कोलाचे’, म्हणजे मधे गोड सारण भरलेले पाव, घेऊन आली, मनुक्यांचे आणि खसखशीचे. आपल्या विरुद्ध मत देणाऱ्याने उपाशी जाऊ नये, असं ती म्हणाली.

ड्वाइट आधी बोलला. आमच्या वेळी मोर्सची सांकेतिक लिपी पाठ करून ओमाहाला जावं लागे, सरकारी माणूस समोर बसे, कानात टिकटिक सुरू झाली की पेन्सिल थरथरे. मग मोर्सची अट काढली. मग प्रश्नच छापून आधी वाटायला लागले. आता म्हणे पट्टाही घरपोच द्या. "शिडी चढण्यासाठी असते," तो म्हणाला. "पायऱ्या खाली आणून ठेवल्या की ती शिडी राहत नाही, उंबरठा होतो." बऱ्याच पांढऱ्या डोक्यांनी माना डोलावल्या. आणि खरं सांगायचं तर बोलण्यात अर्थ नव्हता असं नाही. घाम गाळून मिळवलेली वस्तू दुसऱ्याला फुकट मिळताना बघणं कुणालाच गोड लागत नाही.

रॉडनी नावाचा एक ट्रक ड्रायव्हर, स्वतः टेक्निशियन, म्हणाला की आमच्यासारखे लोक हौसेने लायसन्स काढतात, सहा महिने गावच्या टॉवरवर त्याच पाच म्हाताऱ्यांशी त्याच गुडघ्यांबद्दल बोलतात, आणि रेडिओ कपाटात टाकतात. लांबचा आवाज एकदा कानावर पडला आणि त्याला उत्तर देता आलं तर माणूस आपणहून वर चढेल. यावर पाच म्हाताऱ्यांपैकी चौघे हसले.

मग लव्हॉन उठली. तिच्या हातात कागद नव्हता. "एमिल होता तोवर मी त्या पट्ट्यावर रोज बोलले. तुमच्यापैकी कुणाचा रेडिओ फुटला का त्याने? कुणी म्हणालं का, लव्हॉन, तुला जमत नाही? एमिल गेला त्या सकाळी माझ्यातलं काय कमी झालं ते मला सांगा. डोकं तेच, हात तोच, बटण तेच. शेजारची खुर्ची रिकामी झाली, एवढंच. म्हणजे बोलायची परवानगी मला कधी नव्हतीच. ती खुर्चीला होती."

ड्वाइट हळू आवाजात म्हणाला, "तुझं दुःख आम्हाला कळतं, लव्हॉन. पण एकेका विधवेसाठी नियम वाकवायला लागलो तर—"

"मी विधवा म्हणून मागत नाही," ती म्हणाली. "टेक्निशियन म्हणून मागतेय. नीट ऐक."

हात वर झाले. विरोधातले जास्त निघाले. कोलाचे खाऊन बोटं चाटणारेही त्यात होते, आणि लव्हॉनने एकेकाकडे बघून ठेवलं. क्लबने अर्जाला विरोध कळवायचा असं ठरलं. लोक कोट घालायला लागले तेवढ्यात ती पुन्हा उभी राहिली.

"एक मागणी आहे, आणि ती नियमात बसते. मेलेल्याला तुम्ही हाक मारता आणि गप्प राहता. मला जिवंतपणी रोज हाक मारा. एमिलच्या जागी हजेरीत माझं नाव घ्या. मी उत्तर देणार नाही, नियम पाळीन. पण गप्प तुम्हीही राहायचं. एमिलसाठी राहिलात तेवढंच."

ड्वाइट म्हणाला, हे असलं काही करायची पद्धत नाही. ऑर्व्हिलने हनुवटी खाजवली. सबंध बैठकीत तो एक शब्द बोलला नव्हता. "हजेरीत कुणाचं नाव घ्यायचं ते हजेरी घेणारा ठरवतो," तो म्हणाला. "घेईन."

आणि तो शब्दाला जागला. तो सबंध हिवाळा रोज सकाळी ऑर्व्हिल नावं पुकारत गेला. कर्नीचा वॉल्टर, हजर. ब्रोकन बो गावची टेडी, हजर. ड्राय फोर्कची लव्हॉन. मग काहीच नाही. रेडिओत नुसती खरखर. थांबून तो पुढचं नाव घेई. आधी लोकांना गंमत वाटली. मग ती जागा टोचायला लागली. त्या शांततेत कुणाचा खोकला बाहेर पडला तर तो चोरासारखा वाटे. टेडीने ऑर्व्हिलला फोन करून सांगितलं की तिच्या नावाच्या आधीच माझी कॉफी कडू होते. ड्वाइटनेही फोन केला, हा पोरकटपणा थांबव म्हणाला. ऑर्व्हिलने विचारलं, तुला टोचतंय का? ड्वाइट म्हणाला, टोचतंय. मग चालू राहू दे, असं म्हणून ऑर्व्हिल डुकरांना खायला घालायला गेला.

लव्हॉनला सोपं होतं असं मात्र कुणी समजू नये. तिचं तोंड दाबून बुक्क्यांचा मार चालला होता. आपलं नाव ऐकू यायचं, सगळे आपल्यासाठी थांबलेत हे कळायचं, आणि सांगायला पोटभर असायचं. ती तळहात तोंडावर दाबून धरी आणि हजेरी पुढे सरकली की बोलायचं ते सगळं चुलीशी बोले. एकदा ती मोठ्याने रडलीही. रडून झाल्यावर तिला स्वतःचाच राग आला, आणि तिच्या रागातून नेहमी काहीतरी निघतं.

टेक्निशियनच्या लायसन्सला त्याच पट्ट्यावर खालच्या अंगाला एक तुकडा जुन्या काळापासून चिकटलेला होता. तिथे बोलायचं नाही, फक्त मोर्स. मोर्सची परीक्षाच गेल्यावर त्या तुकड्यावर चिटपाखरू फिरकेना. घराण्याचं पडीक शेत असावं तसा तो नुसता नावावर होता. एमिलचा मोर्स ठोकायचा खटका फळीवर धूळ खात पडला होता. लव्हॉनने तो पुसला.

पुस्तकातले ठिपके आणि रेघा बघून तिचं डोकं फिरलं, म्हणून तिने पुस्तक मिटलं. रेडिओवर ऐकलं तेव्हा मात्र तिच्या लक्षात आलं की हे अक्षरांचं काम नाहीच, ठेक्याचं आहे. तिने ड्रमच्या काड्या काढल्या आणि स्वयंपाकघरातल्या टेबलावर वाजवायला बसली. भांडी घासताना, गाडी चालवताना, चर्चमध्ये प्रार्थनेच्या बाकावर बोटांनी. नाताळ आला तोवर तिची अक्षरं पडत-अडखळत चालू लागली होती. फेब्रुवारीत ती नाचत होती.

मग तिने ऑर्व्हिलला फोन करून सांगितलं की उद्या माझं नाव घेतलंस की रेडिओ खाली त्या मोर्सच्या तुकड्यावर आण, आणि बाकीच्यांनाही आणायला सांग.

दुसऱ्या दिवशी सकाळी तारेवर बर्फ लोंबत होतं. ऑर्व्हिलने नाव पुकारलं, सगळ्यांना खाली या म्हणाला, आणि राज्यभरच्या स्वयंपाकघरांत रेडिओची गोल बटणं फिरली. खरखरीतून एक ठेका उमटला, स्वच्छ, ठाम, थोडासा पोल्काच्या अंगाने जाणारा. लव्हॉन. हजर. तारेवर बर्फ आहे. एमिलची कॉफी संपली, आता माझी पितेय.

ऑर्व्हिलने ते पुन्हा वर, बोलायच्या जागी, येऊन सगळ्यांना वाचून दाखवलं तेव्हा त्याचा आवाज पुन्हा फाटला. सगळे एकाच वेळी बोलायला लागले, जे त्या नेटवर कधी होत नसे. आणि तेवढ्यात ड्वाइटने माईक घेतला. तो मनापासून खूश होता, हीच तर त्याची खोड. "मी हेच सांगत होतो," तो म्हणाला. "अभ्यास केला आणि मिळालं. आता नियम बदलायची गरजच काय राहिली?"

सुंठीवाचून खोकला गेला, असं त्याला वाटलं. अंधाऱ्या खोलीत लव्हॉनचे कान तापले. तिने खटक्यावर हात ठेवला आणि खालीच रेंगाळलेल्या एकाकरवी ड्वाइटला खाली बोलावलं, लग्नात शेवटच्या पोल्काला वाजवतात त्या वेगाने.

ड्वाइट आला. यायलाच हवं होतं, सगळे ऐकत होते. ओमाहाच्या सरकारी माणसापुढे तो पास झाला त्याला पन्नास वर्षं होत आली होती, आणि त्यानंतर त्याने खटक्याला हात लावल्याचं मार्लिसलाही आठवत नव्हतं. बराच वेळ काही नाही. मग वाकडातिकडा, धापा टाकत, एकेक ठोका आला. त्याला एवढंच म्हणायचं होतं: कृपया हळू.

लव्हॉन थांबली. मग तिने एकेक अक्षर सुटं करून, शाळेतल्या फळ्यावर लिहावं तसं, त्याला पाठवलं. थोडा. अभ्यास. कर. की.

मोर्समध्ये हसण्याचाही एक ठेका असतो. तो त्या सकाळी चार-पाच ठिकाणांहून एकदम वाजला.

इथे गोष्ट संपली असं सगळ्यांना वाटलं. दुसऱ्या दिवशी ऑर्व्हिलने तिचं नाव घेतलं, लोक हौसेने खाली आले, आणि खाली काहीच नव्हतं. तार तुटली असेल म्हणून ऑर्व्हिल पुढे गेला. तिसऱ्या दिवशीही तेच. संध्याकाळी ड्वाइटने फोन केला. खटका मोडला का, त्याने विचारलं. दुरुस्त करून देतो म्हणाला.

"खटका ठणठणीत आहे."

"मग?"

"तू सगळ्या राज्याला सांगितलंस की माझी तहान भागली. दुधाची तहान ताकावर भागत नाही, ड्वाइट. मी टकटक करायला त्या खुर्चीत बसले नव्हते, बोलायला बसले होते. लग्नात केक कसा पडला ते टकटक करून सांगून दाखव मला. ती रिकामी जागा पुन्हा तशीच राहणार. आणि आता ती तुझी आहे."

आणि तिने फोन ठेवला.

चौथ्या दिवशी सकाळी ऑर्व्हिलने नाव पुकारलं. ड्राय फोर्कची लव्हॉन. शांतता पडली. लव्हॉन हात मांडीवर ठेवून बसली होती. आणि त्या शांततेत, आपली पाळी नसताना, जे ड्वाइट ऑस्ट्रँडरने उभ्या आयुष्यात केलं नव्हतं, त्याचा आवाज आला.

"ऑर्व्हिल, मधेच बोलतोय. त्या दिवशी मला मोर्स आलं नाही. सगळ्यांनी ऐकलं. तरी माझा आवाज कुणी काढून घेतला नाही." तो थांबला. "तीन रात्री त्याचाच विचार करतोय. मार्चच्या बैठकीत तो अर्जाचा विषय परत घ्यायचाय. मी मांडणार आहे."

मग ऑर्व्हिलने काही न सांगता रेडिओ खाली मोर्सच्या तुकड्यावर नेला, आणि त्याच्यामागे सगळे गेले. खाली लव्हॉनचा ठेका चालू झाला होता.

निरोप मिळाला. तुझा हात वर गेलेला बघेन, मग मानेन.

ड्वाइटसाठी तिला ते दोनदा पाठवावं लागलं.